संत पौलाचा घोडा

संत पौल दमास्कसच्या वाटेवर घोड्यावरून खाली कोसळला, हे आपल्यापैकी कोणाला ठाऊक नाही? आम्हांला तरी ते लहानपणापासून ठाऊक होते. कोणी शपथ घालून विचारले असते तर घोडा कसा उधळला आणि स्वार कसा उताणा पडला, ह्याचे वर्णन आम्ही बायबलचा हवाला देऊन केले असते. तो हवाला खोटा ठरला असता. ‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या पुस्तकात पौलाच्या परिवर्तनाची हकिकत तीनदा येते: नवव्या, बाविसाव्या आणि सव्विसाव्या अध्यायांत. तेथे प्रकाश आहे, वाणी आहे, भूमीवर पडणे आहे. घोडा कोठेही नाही. दृष्टी गेलेल्या पौलाला सोबत्यांनी हात धरून शहरात नेले, एवढेच आहे. घोडा आणला तो चित्रकारांनी. रोममधील सांता मारिया देल पोपोलो ह्या चर्चमध्ये काराव्हाज्जोने १६०१ च्या सुमारास काढलेले जे चित्र आहे, त्यात तर संताहून घोड्यानेच अधिक जागा अडवली आहे.

नाताळच्या गोठ्याचेही तेच. मत्तय मागी लोकांची संख्या सांगत नाही, नावे सांगत नाही; ते बाळाला भेटले ते घरात, असे तो लिहितो. लूकच्या शुभवर्तमानात गव्हाण आहे, पण तिच्याशेजारी बैल आणि गाढव नाहीत. ती मुकी जनावरे यशयाच्या पहिल्या अध्यायातून चालत आली आहेत. तरीही धर्मशिक्षणाच्या वर्गात विचारून पाहा. मुले तर सांगतीलच, पण शिकविणारेही सांगतील की हे सारे आम्ही बायबलात वाचले आहे. ते खोटे बोलत नसतात. वाचल्याची त्यांना खरोखरच आठवण असते.

असली उदाहरणे ऐकून आपण हसतो आणि पान उलटतो. घोड्याने कोणाचे काय बिघडले? कोणाचेच नाही. परंतु ज्या वाटेने तो घोडा आपल्या स्मरणात शिरला, त्याच वाटेने आणखीही पुष्कळ काही शिरत असते, आणि त्याने माणसांचे फार बिघडते. त्याविषयी आम्हांला भांडायचे आहे. भांडण लबाडांशी नाही. त्यांच्यासाठी आठवी आज्ञा आहे, पोलीस आहेत. भांडण आहे ते सज्जनांशी. ‘मी माझ्या डोळ्यांनी पाहिले, आता आणखी काय पाहिजे?’ असे म्हणून जे सभेत निश्चिंत मनाने खाली बसतात, त्यांच्याशी. आम्हीही त्यांच्यातलेच एक होतो, हे पुढे येईलच.

आपल्या मनात स्मृतीचे एक चित्र पक्के बसले आहे. जणू ती घरातली पेटी आहे; वस्तू ठेवावी, वर्षांनी झाकण उघडावे, तीच वस्तू बाहेर काढावी. फार तर तिच्यावर धूळ बसलेली असेल, एखादी वस्तू हरवलेली असेल. म्हणजे विसरणे हा स्मृतीचा दोष आहे, हे आपण मान्य करतो. तिचा दुसरा आणि अधिक घातक दोष, म्हणजे भर घालणे, तो मात्र आपण दोषच मानीत नाही. पेटी रिकामी सापडली तर आपण चपापतो. पेटीत आपण कधीच न ठेवलेली वस्तू सापडली तर ती आपलीच म्हणून छातीशी धरतो.

केंब्रिज विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्राचे पहिले प्राध्यापक झालेले फ्रेडरिक बार्टलेट ह्यांनी १९३२ साली स्मरणावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांनी इंग्रज वाचकांना उत्तर अमेरिकेतील मूळ रहिवाशांची एक लोककथा वाचायला दिली होती. दोन तरुण नदीवर सील मारायला जातात, धुके पसरते, होड्यांतून योद्धे येतात आणि एकाला लढाईला घेऊन जातात. त्याला बाण लागतो पण वेदना होत नाही. ते योद्धे म्हणजे भुते आहेत असे त्याला वाटते. घरी परतून तो सारे सांगतो. सूर्य उगवताच त्याच्या मुखातून काही काळे बाहेर पडते आणि तो मरतो. इंग्रज वाचकाला ह्या कथेचे धागेदोरे लागेनात. काही वेळाने, काही महिन्यांनी, कोणाला कित्येक वर्षांनी बार्टलेट ती पुन्हा सांगायला लावीत. प्रत्येक वेळी कथा आखूड होई, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे ती अधिकाधिक इंग्रजी होई. सील मारण्याचे साधे मासे धरणे झाले. भुते गळून गेली. मुखातून पडणारे काळे काहीतरी कोणाच्या आठवणीत तोंडाला आलेला फेस झाले, कोणाच्या आठवणीत निघून जाणारा आत्मा झाले. जे त्यांच्या जगात बसत नव्हते ते वगळले गेले, जे बसण्यासारखे होते ते बसवून घेतले गेले. कोणीही जाणूनबुजून फेरफार केला नाही. आपल्या पूर्वीच्या ज्ञानाचा एक साचा असतो आणि नवी हकिकत त्या साच्यात ओतूनच आपण ती जपतो, असे बार्टलेट ह्यांचे म्हणणे. आठवणे म्हणजे काढून आणणे नव्हे, पुन्हा घडविणे.

‘ती परक्यांची गोष्ट होती, म्हणून बिघडली’ असे कोणी म्हणेल. तर मग ओळखीच्या जागेचे पाहू. १९८१ साली अमेरिकेत ब्रूअर आणि ट्रेयेन्स ह्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना एकेक करून एका अभ्यासकाच्या खोलीत सुमारे ३५ सेकंद थांबवून ठेवले, आणि मग बाहेर नेऊन खोलीत काय काय होते ते लिहायला सांगितले. तीसपैकी नऊ जणांनी पुस्तके पाहिल्याचे लिहिले. खोलीत पुस्तके नव्हती. ती मुद्दाम हलविलेली होती. अभ्यासकाची खोली म्हटली की पुस्तके आलीच, हे ज्ञान डोळ्यांच्या पुढे धावले. ज्याने अशी खोली जन्मात पाहिली नाही, त्याला ही चूक करता आली नसती. चूक करायलाही आधी ज्ञान लागते, ह्याचा विचार सुशिक्षितांनी अवश्य करावा.

आता पुस्तकांच्या जागी माणूस ठेवा. १९४७ मध्ये गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन ह्यांचे अफवांवरील पुस्तक निघाले. त्यातील एका प्रयोगात एका माणसाला एक चित्र दाखवीत: रेल्वेच्या डब्यात काही प्रवासी, त्यांत एक गोरा आणि एक काळा माणूस समोरासमोर उभे, आणि गोऱ्याच्या हातात उघडा वस्तरा. तो माणूस चित्राचे वर्णन दुसऱ्याला सांगे, दुसरा तिसऱ्याला, अशी साखळी चाले. निम्म्याहून अधिक वेळा त्या साखळीत कोठे ना कोठे वस्तरा गोऱ्याच्या हातातून काळ्याच्या हातात गेला. अमेरिकेतल्या गोऱ्यांना ‘ठाऊक’ होते की वस्तरा कोणाच्या हातात असायचा.

ह्या प्रयोगाची पुढची कथा मूळ प्रयोगाहून बोधप्रद आहे. पुढे कित्येक पाठ्यपुस्तकांत असे छापले गेले की, ज्यांनी ते चित्र स्वतः पाहिले त्यांच्याच आठवणीत वस्तरा हात बदलून गेला. तसे मुळीच घडले नव्हते. चित्र पाहणारा माणूस ते डोळ्यांसमोर असतानाच वर्णन करीत होता. वस्तरा हलला तो पुढे, ऐकीव साखळीत. ट्रेडवे आणि मॅक्लॉस्की ह्यांनी १९८७ साली हे दाखवून दिले. पूर्वग्रहाने स्मृती बिघडते हे शिकविणाऱ्या विद्वानांनी मूळ पुस्तक पुन्हा उघडले नाही, कारण ते काय म्हणते हे त्यांना ठाऊकच होते! पंडितांची ही अवस्था, तर तुमची आमची काय कथा.

काही वर्षांपूर्वी आमच्या वाडीत एका घरी लग्न होते. मांडव पडला होता, घर पाहुण्यांनी भरले होते, आणि भांडी घासायला, पाणी भरायला जवळच्या आदिवासी पाड्यावरची एक तरुण बाई तीन दिवसांपासून येत होती. लग्नाच्या आदल्या संध्याकाळी कपाटातली सोन्याची एक पाटली दिसेना. रात्री जेवणे आटोपल्यावर घरातली वडीलधारी मंडळी बसली. आधी कोणीतरी हळूच विचारले, ‘ती आतल्या खोलीत गेली होती का?’ तिचे नाव निघाले आणि मग आठवणींना पाय फुटले. एका मावशींना आठवले की ती दुपारी कपाटाच्या बाजूला रेंगाळत होती. दुसऱ्या एकीला आठवले की ती घाईघाईने निघाली. आणि आम्ही सांगितले की आतल्या खोलीतून बाहेर पडताना तिचा हात पदराखाली होता. हे आम्हांला स्वच्छ दिसत होते. पदराचा रंगही आम्ही सांगितला.

कोणी तिला मारले नाही. आपण सभ्य माणसे. दुसऱ्या दिवशी ती आली तेव्हा तिला अंगणातूनच परत पाठविले, मजुरी दिली नाही, आणि पुढे आमच्या वाडीत तिला कोणी कामाला बोलाविले नाही. ती रडली की नाही हे आम्ही सांगणार नाही. आज आमच्या डोळ्यांसमोर ती रडताना दिसते, पण ते तेव्हा पाहिलेले की नंतर मनाने रंगविलेले, ह्याची आम्हांला खात्री उरलेली नाही.

वर्षभराने घरातल्या आजी वारल्या. त्यांचे सामान आवरताना जपमाळ ठेवायच्या डबीत, रुमालात गुंडाळलेली पाटली निघाली. गर्दीच्या घरात नको म्हणून त्यांनीच ती उचलून ठेवली होती आणि विसरून गेल्या होत्या. आजींचा दोष विसरण्याचा. आमचा दोष आठवण्याचा.

मग आम्ही स्वतःला विचारले की त्या संध्याकाळी आम्ही प्रत्यक्ष काय पाहिले होते? पुष्कळ ताण दिल्यावर असे वाटते की ती आतल्या खोलीतून नव्हे, मागील दाराने येत होती आणि ओले हात पदराला पुसत होती. परंतु ह्या आठवणीवर तरी विश्वास कसा ठेवावा? आता ती निर्दोष आहे हे आम्हांला ठाऊक झाले आहे, आणि ह्या नव्या ज्ञानानेच ओल्या हातांचे चित्र उभे केले असेल. मूळ संध्याकाळ आता आमच्यापाशी नाही. त्या रात्री नाव ऐकण्यापूर्वी कोणी आमच्याकडून लिहून घेतले असते तर कदाचित असती.

आणि तीन साक्षींचे काय? मोशेच्या नियमशास्त्राने दोघांच्या किंवा तिघांच्या तोंडची साक्ष मागितली ती योग्यच होती. पण आम्ही तिघे एकाच ओटीवर बसून, एकमेकांचे ऐकत, आधीच ठाऊक असलेल्या एका समजाला दुजोरा देत होतो. तो समज कोणता ते सांगायला नको. पाड्यावरच्या माणसांविषयी आपल्या स्वयंपाकघरांत, मुलांच्या देखत, काय बोलले जाते ते सर्वांना माहीत आहे. मिस्साबलीनंतर चर्चच्या आवारातही ते बोलले जाते.

पाटली सापडल्याची बातमी वाडीत पसरली तेव्हा एका गृहस्थांचे उद्गार आमच्या कानी आले: ‘ह्या वेळी नसेल घेतली तिने.’ ‘ह्या वेळी’! वस्तू हाती आली, मूळ साक्ष खोटी ठरली, तरी साचा शाबूत. आमचे भांडण ज्याच्याशी आहे ते हेच.

आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की, स्मृती एवढी ठिसूळ म्हटली तर प्रेषितांच्या साक्षीचे काय? हा प्रश्न आम्हांला विचारलाही गेला आहे, किंचित रागाने. आमचे उत्तर असे की, ह्या बाबतीत ख्रिस्तसभा आमच्या वाडीहून शहाणी निघाली. दुसऱ्या शतकात तातियान नावाच्या सिरियन लेखकाने चारही शुभवर्तमाने गुंफून एकच सलग कथन तयार केले होते; कोठे विसंगती नाही, कोठे अडखळ नाही. सिरियन ख्रिस्ती लोकांत ते दीर्घकाळ वाचले गेले. तरी पाचव्या शतकात सायरसचे बिशप थिओडोरेट ह्यांनी आपल्या धर्मप्रांतातून त्याच्या दोनशेहून अधिक प्रती गोळा करून बाजूला केल्या आणि त्यांच्या जागी चार वेगवेगळी शुभवर्तमाने ठेवली. चौघांची साक्ष चौघांची म्हणूनच ठेवायची, तिच्यातले फरक गुळगुळीत करायचे नाहीत, हा निर्णय श्रद्धेला कमीपणा आणणारा होता असे आम्हांला वाटत नाही. घोडा घुसवून संत पौलाची हकिकत सुबक करणाऱ्यांपेक्षा ‘घोडा लिहिलेला नाही’ असे म्हणणाराच त्या वचनाचा अधिक आदर करतो.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. हा युक्तिवाद उलटा फिरवून दुबळ्यांच्या तोंडावर मारला जाईल. एखाद्या मुलाने किंवा स्त्रीने कोणा प्रतिष्ठिताविरुद्ध तक्रार केली की लगेच ‘तुझी आठवण चुकते आहे’ असे म्हणणारे पुढे येतील. त्यांना आम्ही येथेच अडवितो. स्मृती वाटेल त्या दिशेला झुकत नाही. ती बहुधा आधीच्या समजुतीकडे झुकते. ‘असा भला माणूस असे करणार नाही’ हीदेखील एक समजूतच आहे, आणि ती ऐकणाऱ्यांच्या मनात असते. ज्यांना आपली आठवण तपासायची नाही पण तक्रारदाराची तपासायची आहे, त्यांनी आमचा लेख आपल्या बाजूचा समजू नये. तक्रार ऐकून घ्यावी, ताबडतोब आणि तिच्याच शब्दांत लिहून घ्यावी, सक्षम अधिकाऱ्यांपुढे न्यावी. आमची मागणी साक्ष दाबण्याची नाही, साक्ष घेण्याची रीत सुधारण्याची आहे.

ती रीत आपल्याच पवित्र ग्रंथात पडून आहे. दानिएलच्या तेराव्या अध्यायात दोन वडील सुसान्नेवर आळ घेतात. सारी सभा त्यांच्यावर विश्वास ठेवते. कारण ते वडील, ते न्यायाधीश. तरुण दानिएल त्या दोघांना एकमेकांपासून दूर करतो आणि प्रत्येकाला एकच प्रश्न विचारतो: कोणत्या झाडाखाली? उत्तरे दोन निघतात, दोन वेगळी झाडे. ते दोघे लबाड होते म्हणून सापडले. आम्ही तिघे प्रामाणिक होतो. पण आम्हांला वेगवेगळे बसवून ‘दुपारी कोण कोण कोठे होते?’ एवढेच विचारले असते, तिचे नाव कोणी घेतले नसते, तर तीन हकिकती निघाल्या असत्या आणि पाटली शोधायला दुसरीकडे कोणीतरी गेले असते.

प्रश्न कसा विचारला ह्यावर किती अवलंबून असते, हे एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर ह्यांनी १९७४ साली दाखविले. मोटारींच्या अपघाताची एकच चित्रफीत सर्वांनी पाहिली. मग काहींना विचारले, गाड्या एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारले, गाड्या एकमेकींना लागल्या तेव्हा किती होता? आठवड्याने फुटलेली काच पाहिली का असे विचारता पहिल्या गटातल्या पन्नासपैकी सोळा जणांनी होय म्हटले, दुसऱ्यातल्या पन्नासपैकी सात जणांनी. काच फुटलेलीच नव्हती. एका क्रियापदाने एवढे केले. आमच्या ओटीवर तर माणसाचे नावच घेतले गेले होते.

तेव्हा आमच्या धर्मग्रामातील वडीलधाऱ्यांना, निरनिराळ्या मंडळांच्या पदाधिकाऱ्यांना, शाळेतल्या शिक्षकांना आमचे सांगणे आहे की, वस्तू हरवली, भांडण झाले, कोणावर आळ आला, तर सर्वांना एकत्र बसवून आठवणी जुळवायला लावू नका. जुळलेल्या आठवणींचा काडीइतका भरवसा धरू नका. आणि साक्षीदार ठासून बोलतो म्हणून त्याचे खरे मानू नका. आम्हीही ठासूनच बोललो होतो. धर्मशिक्षणाच्या वर्गात आठवी आज्ञा शिकविताना ‘खोटे बोलू नये’ येथेच थांबू नका. आपल्याला खरे वाटते ते तपासून पाहणे हादेखील शेजाऱ्याचा आपल्यावर हक्क आहे, हे मुलांना कळू द्या. प्रायश्चित्त संस्काराच्या वेळी आम्ही वर्षानुवर्षे खोट्या बोलण्याबद्दल क्षमा मागत आलो. प्रामाणिकपणे दिलेल्या चुकीच्या साक्षीबद्दल काय म्हणावे, हे आम्हांला कोणी शिकविले नव्हते.

पाटली सापडल्यानंतर राहिलेली मजुरी घेऊन आम्ही पाड्यावर गेलो. ती बाई नवऱ्याबरोबर वीटभट्टीवर गेली होती, पावसाळ्याआधी परतणार नव्हती. घरी सासू होती. तिने नोटा मोजल्या, पदराच्या टोकाला बांधल्या आणि हे कोणत्या कामाचे, असे विचारले. लग्नातल्या भांड्यांचे, असे आम्ही म्हणालो. पाटलीचा विषय आमच्या तोंडून निघाला नाही. तो येथे लिहून ठेवीत आहोत.